नाव न घेता दिलेली आज्ञा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, तुम्ही आयुष्यभर प्रामाण्यवाद शिकवलात, आता हे प्रिंटर आणि सर्व्हर मध्येच कुठून काढलंत?" मी म्हटलं, प्रामाण्यवादावरच बोलणार आहे. उदाहरण तेवढं प्रिंटरचं आहे.

आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, गाण्याच्या मैफलीचीही करतो. साधनाची मात्र करत नाही. साधन बिघडलं की तक्रार करतो आणि चाललं की विसरून जातो. खरं म्हणजे साधनसुद्धा कुणीतरी विचार करून रचलेलं असतं. ते वापरणारा माणूस कसा असेल, तो काय विसरेल, कशावर विश्वास ठेवेल, याबद्दल रचणाऱ्याने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्या गृहीतकांची तपासणी म्हणजे साधनाची समीक्षा. आज मी अशा दोन साधनांकडे पाहणार आहे. दोन्ही कमांड लाइनची आहेत, म्हणजे चित्रांवर बोट न ठेवता शब्द लिहून वापरायची. एक आहे एसएसएच, दूरच्या संगणकाशी बोलण्याचं. दुसरं आहे कप्स, म्हणजे प्रिंटरच्या रांगा सांभाळणारी व्यवस्था; त्यातली विशेषतः 'कॅन्सल' ही आज्ञा.

ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. सर्व्हर नावाचं यंत्र एखाद्या बंद, थंड खोलीत असतं. बहुतेक वेळा त्याला पडदा नसतो, कळफलकही नसतो. ते सांभाळणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या देशात बसलेला असतो. तो आपल्या संगणकावर एक काळी खिडकी उघडतो, एसएसएच असं लिहितो, पुढे त्या दूरच्या यंत्राचं नाव लिहितो आणि एंटर दाबतो. त्यानंतर तो इथे जे लिहील ते तिथे घडतं. सर्व्हर बंद कर म्हटलं की बंद होतो. प्रिंटरची रांग रिकामी कर म्हटलं की रिकामी होते.

मला या प्रकाराचं पहिल्यापासून आकर्षण वाटत आलं आहे, हे आधीच कबूल करतो. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली, ती पुढे १९६२ साली पुस्तकरूपाने आली. बोलणं म्हणजे केवळ वर्णन नसतं, बोलण्याने आपण काही करतोही, हे त्याने तिथे दाखवलं. वचन देणं, नाव ठेवणं, हुकूम देणं ही त्याची उदाहरणं. मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा उदाहरणासाठी लग्न आणि बारसं यांवर भागवायचो. पुढे कमांड लाइन पाहिली आणि वाटलं, उच्चार आणि कृती यांच्यात इतकं कमी अंतर असलेलं उदाहरण दुसरं मिळणार नाही. माणसाला हुकूम दिला तर तो ऐकतो, समजून घेतो, कधी कधी 'का?' म्हणतो. इथे 'का?' हा टप्पाच नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो. संगणक समितीचं निमंत्रकपद माझ्याकडे आलं. कारण काय, तर "सर तर्कशास्त्र शिकवतात, त्यांना जमेल." (हशा) हसू नका, खरोखर एवढंच कारण होतं. एका हुशार विद्यार्थ्याने मला लिनक्स शिकवलं. एक सर्व्हर होता आणि त्याच्यावर पाच प्रिंटर जोडलेले होते: कार्यालय, ग्रंथालय, परीक्षा विभाग, प्रयोगशाळा आणि प्राचार्यांची खोली. मी स्टाफरूममधून एसएसएचने सर्व्हरवर जायचो आणि मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी दुपारी ग्रंथालयातून निरोप आला की प्रिंटर अडकलाय. कुणीतरी दोनशे पानांचं काहीतरी पाठवून ठेवलं होतं आणि त्यामागे रांग लागली होती. मी सर्व्हरवर गेलो, सर्वाधिकाराच्या खात्याने, म्हणजे ज्याला 'रूट' म्हणतात त्या खात्याने. लिहिलं: कॅन्सल, मग जागा सोडून एक आडवी रेघ आणि 'ए'. त्यापुढे ग्रंथालयाच्या प्रिंटरचं नाव लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही. एंटर दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही, पुढची ओळ आली. या जगात काही न बोलणं म्हणजे काम फत्ते, एवढं मला शिकवलेलं होतं. मी समाधानाने चहा घ्यायला गेलो.

त्या आज्ञेत 'ए'चा अर्थ 'सगळी कामं' असा आहे. आणि प्रिंटरचं नाव दिलं नाही तर अर्थ होतो 'सगळ्या प्रिंटरांवरची सगळी कामं'. हे मला मागाहून कळलं. साधनाच्या माहितीपानावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे साधनाने मला फसवलं असं म्हणता येत नाही.

त्याच वेळी कार्यालयात बोनाफाईड दाखल्यांची छपाई चालू होती. कारकुनांनी सगळे दाखले संगणकावरून पाठवले होते, जावक रजिस्टरात नोंदी केल्या होत्या आणि ते दुसऱ्या कामाला लागले होते. रांगेतले अकरा दाखले माझ्या एका ओळीने नाहीसे झाले. कुणालाही काही सूचना मिळाली नाही. खिडकीबाहेर एक मुलगी उभी होती. तिला शिष्यवृत्तीच्या अर्जाला तो दाखला जोडायचा होता आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. रजिस्टरात 'दिला' अशी नोंद होती, म्हणून तिला सांगण्यात आलं की तुझा दाखला गेलाय, नीट बघ. ती पाऊण तास बघत राहिली. शिपाईमामा प्रिंटरपाशी जाऊन दोनदा पाहून आले. घोळ लक्षात येईपर्यंत सही करणारे प्राचार्य निघून गेले होते, आणि तिला शेवटची एसटी गाठायची होती.

तिची त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली. मला हे आठवड्याने कळलं. मी तिच्या वडिलांना म्हटलं की वर्षाची फी मी भरतो. त्यांनी भरू दिली नाही. "सर, तुमचा काय संबंध?" असं त्यांनी विचारलं. संबंध काय हे मी त्यांना समजावून सांगू शकलो नाही. एक ओळ लिहिली होती आणि त्यात एक नाव गाळलं होतं, हे त्यांना कसं सांगणार?

म्हणून मी त्या ओळीकडे परत परत पाहत आलो आहे. आजची समीक्षा तिथूनच निघते.

आपल्याकडे शाब्दबोधाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. 'तर्कसंग्रह' शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तीन अटी पाठ असतात: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. वाक्यातल्या एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असते, ती आकांक्षा. अर्थ परस्परांशी जुळावे लागतात, ती योग्यता. 'विस्तवाने शिंपतो' या वाक्यात ती नाही. आणि पदं एकमेकांच्या जवळ उच्चारली जावी लागतात, ती संनिधी.

आता घरातलं उदाहरण घ्या. कुणी नुसतं म्हणालं, "अरे, दार!" तर मुलगा उठून दार लावतो. 'लाव' हे क्रियापद कुणीच उच्चारलेलं नाही. ऐकणाऱ्याने ते भरून घेतलं. याला अध्याहार म्हणतात. मीमांसकांत यावर मोठा वाद आहे: ऐकणारा गाळलेला शब्द भरतो, असं भाट्ट म्हणतात, तो थेट अर्थ भरतो, असं प्राभाकर म्हणतात. पण दोघांना एक गोष्ट मान्य आहे. भरायचं ते प्रसंगावरून भरायचं. बाहेर पाऊस असेल तर 'लाव', पाहुणे आले असतील तर 'उघड'. आणि प्रसंगावरूनही कळलं नाही तर मुलगा विचारतो, "काय करू?"

कॅन्सल या आज्ञेपुढे मी कर्म गाळलं तेव्हा यंत्रानेही अध्याहार केला. पण प्रसंगावरून नव्हे. आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या नियमावरून. नियम असा की नाव नसेल तर 'सर्व' समज. गंमत पुढेच आहे. याच साधनात तुम्ही नुसतं 'कॅन्सल' लिहिलं, पुढे काहीच लिहिलं नाही, तर ते काय करतं? ठरलेल्या मुख्य प्रिंटरवर त्या क्षणी छापलं जात असलेलं एकच काम रद्द करतं. म्हणजे नाव गाळलं तर एका ठिकाणी अर्थ होतो 'समोरचं एक', आणि पुढे 'ए' आला की त्याच गाळण्याचा अर्थ होतो 'जगातले सगळे प्रिंटर'. एकाच मौनाचे दोन अर्थ, आणि दोघांमध्ये एका अक्षराचं अंतर.

माझा या साधनावरचा पहिला आक्षेप हा आहे. आपल्या शास्त्रकारांना लाघव प्रिय होतं. कल्पना करायचीच असेल तर कमीत कमी करा, हा त्यांचा दंडक. गाळलेल्या जागी काही भरायचंच असेल तर सगळ्यात लहान वस्तू भरा, किंवा काहीच भरू नका आणि विचारा. या आज्ञेने त्या जागी सगळ्यात मोठी वस्तू भरली.

तुम्ही म्हणाल, हा तर सरांचा अडाणीपणा. जाणकाराच्या हातून असं होत नाही. म्हणून दोन जाहीर उदाहरणं देतो. दोन्ही कंपन्यांनी काय घडलं ते स्वतःहून सविस्तर प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पहिलं ३१ जानेवारी २०१७ चं. गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत एक अभियंता डेटाबेसची दुरुस्ती करत होता. एक मुख्य सर्व्हर होता आणि एक त्याची प्रत ठेवणारा. दोघांच्या नावांत फरक फक्त आकड्याचा, एक आणि दोन. प्रतीच्या सर्व्हरवरचं कोठार पुसायचं होतं. त्याने पुसण्याची आज्ञा दिली आणि एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. शेवटी सुमारे सहा तासांचा डेटाबेसचा मजकूर परत मिळाला नाही.

दुसरं त्यानंतर चार आठवड्यांनी, २८ फेब्रुवारी २०१७ चं. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या साठवण सेवेत बिलांशी संबंधित दुरुस्ती चालू होती. अधिकार असलेल्या माणसाने, ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार, थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. त्यातला एक तपशील चुकीचा लिहिला गेला आणि हेतूपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघून गेले. त्या सेवेवर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळं काही तास बंद पडली.

या दोन्ही माणसांना काम येत होतं, आणि दोघांनाही अधिकार होता. पहिल्याच्या वाक्यात क्रिया बरोबर होती, कर्मही बरोबर होतं. चुकलं ते अधिकरण, म्हणजे 'कुठे'. आणि एसएसएचच्या वापरात हीच खरी मेख आहे. इथल्या यंत्राची खिडकी काळी आणि तिथल्या यंत्राचीही काळीच. तीच अक्षरं, तोच लुकलुकणारा ठोकळा. चार खिडक्या उघड्या असल्या की माणूस चार ठिकाणी असतो आणि कोणत्याच ठिकाणी नसतो. शिपाईमामा प्रिंटरपाशी उभे होते, त्यांना समोर काय होतंय ते दिसत होतं. पण आज्ञा देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अधिकार मला होता आणि मला काहीच दिसत नव्हतं. दूरस्थ आज्ञेने अधिकार आणि उपस्थिती यांची अशी फारकत केली आहे. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर संनिधी गेली. शब्दांची शब्दांशी जवळीक राहिली, शब्दांची वस्तूशी राहिली नाही.

आता एसएसएचची बाजू मांडतो, कारण समीक्षकाने तेही केलं पाहिजे.

१९८३ च्या सुमारास बर्कली विद्यापीठातून युनिक्सची जी आवृत्ती बाहेर पडली तिच्यासोबत आरलॉगिन आणि आरएसएच ही साधनं आली. त्यांची विश्वासाची रीत साधी होती. यादीत ज्या यंत्रांची नावं आहेत त्यांच्याकडून कुणी आलं तर संकेतशब्द विचारू नका, आत घ्या. म्हणजे आलेल्याने नाव सांगायचं आणि आपण ते खरं मानायचं. १९८८ च्या नोव्हेंबरात कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला किडा इंटरनेटभर पसरला. त्याने वापरलेल्या अनेक वाटांपैकी एक हीच होती. शिवाय टेलनेटसारख्या साधनांत संकेतशब्द उघडाच तारेवरून जायचा. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठात असे संकेतशब्द चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिलं. त्याने त्यासाठी २२ क्रमांकाचं दार मागून घेतलं. २१ वर एफटीपी होतं आणि २३ वर टेलनेट. पुढे १९९९ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं, आणि आज जवळपास सगळं जग तेच वापरतं.

या साधनाने दोन गोष्टी फार चांगल्या केल्या. वाटेत कुणाला ऐकू येऊ नये अशी व्यवस्था केली. आणि नुसत्या नावावर विश्वास ठेवणं सोडून किल्लीवर ठेवला. पलीकडच्या यंत्राकडे एक गुप्त किल्ली असते आणि तिच्या जोडीची उघड किल्ली आपल्याला दिसते. त्या उघड किल्लीचा छोटा ठसा काढता येतो, जसा माणसाच्या अंगठ्याचा.

पण पहिल्या भेटीचं काय? तुम्ही एखाद्या सर्व्हरवर प्रथमच जाता तेव्हा एसएसएच प्रामाणिकपणे सांगतं की या यंत्राची ओळख मला पटवता येत नाही, त्याचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं का? इथे नुसतं 'वाय' चालत नाही, 'येस' हा पूर्ण शब्द लिहावा लागतो. सगळे लिहितात. माझ्या ओळखीत त्या वेळी फोन उचलून, "बाबा रे, तुझ्या सर्व्हरचा ठसा वाचून दाखव," असं विचारलेला एकही माणूस नाही. मीही कधी विचारलं नाही. एकदा 'येस' म्हटलं की तो ठसा नोंदवला जातो आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच्याशी ताडून पाहिला जातो. जुळला तर साधन काही बोलत नाही. न जुळला तर मोठी धोक्याची सूचना देतं आणि साधारणपणे जोडणी नाकारतं.

मंडळी, हा शुद्ध स्वतःप्रामाण्यवाद आहे! (हशा) मीमांसक म्हणतात, ज्ञान उत्पन्न होतं तेव्हाच ते प्रमाण असतं. बाधक ज्ञान येईपर्यंत ते खरं मानून चालायचं. नैयायिक म्हणतात, छे, ज्ञानाचं प्रामाण्य बाहेरून, दुसऱ्या साधनाने पटलं पाहिजे. एसएसएचमध्ये नैयायिकांचीही सोय आहे. एखाद्या मान्य अधिकाऱ्याने सही केलेलं प्रमाणपत्र यंत्राला देता येतं. मग पहिल्या भेटीतही ओळख पटते. पण मीमांसकांचा जुना प्रश्न तिथे लगेच उभा राहतो: त्या अधिकाऱ्याचं प्रामाण्य कोण पटवणार? त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. ही अनवस्था. कुठेतरी थांबून कुणावर तरी सरळ विश्वास ठेवावाच लागतो.

म्हणून पहिल्या भेटीतल्या विश्वासाला मी नावं ठेवणार नाही. माझा आक्षेप त्यापुढचा आहे. स्वतःप्रामाण्य मानणाऱ्यावर एक जबाबदारी येते. बाधक ज्ञान आलं तर त्याला किंमत द्यायची. प्रत्यक्षात काय होतं? सर्व्हर नव्याने बसवला की त्याचा ठसा बदलतो आणि तीच धोक्याची सूचना येते. दहादा असं निरुपद्रवी कारण निघालं की अकराव्या वेळी माणूस सूचना वाचतच नाही. जुनी नोंद पुसतो आणि पुन्हा 'येस' लिहितो. जो एकमेव क्षण विचार करायला लावणारा होता तो कटकट म्हणून उडवला जातो.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर एसएसएचने आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! त्याने तो सोडून दिला नाही. माग काढत गेला तेव्हा एक्सझेड नावाच्या, फायली लहान करणाऱ्या एका पूरक साधनात कुणीतरी चोरदार बसवल्याचं उघड झालं. ज्या खात्यावरून ते बसवलं गेलं त्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून इतरांचा विश्वास मिळवलेला होता. किल्ल्या, ठसे, प्रमाणपत्रं या साऱ्यांच्या मागच्या बाजूने आलेला हा धोका एका माणसाच्या चौकसपणामुळे सापडला. बाधक ज्ञान आपोआप येत नाही. ते यायला कुणीतरी जागं असावं लागतं.

या सगळ्यावर माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. तो आज शेकडो सर्व्हर सांभाळतो. तो म्हणतो, "सर, तुम्हाला वाटतं साधनाने दर वेळी विचारावं. दर वेळी विचारलं की लोक न वाचता 'हो' म्हणतात, हे तुम्हीच आत्ता ठशाच्या बाबतीत सांगितलंत. आणि आमच्या अर्ध्याहून अधिक आज्ञा पहाटे दोनला आपोआप चालतात. तिथे उत्तर द्यायला कोण बसलंय?" शिवाय तो हेही म्हणतो की कमांड लाइनची खरी ताकद तिच्या गप्प राहण्यात आहे. लिहिलेली ओळ जपून ठेवता येते, दुसऱ्याला दाखवता येते, चाळीस यंत्रांवर तशीच चालवता येते. चित्रांवर टिचक्या मारून केलेलं काम असं वाचता येत नाही. हे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण त्याच्या आक्षेपाला उत्तर आहे. मी 'नक्की का?' असं विचारणारं साधन मागत नाही. त्या प्रश्नात नवीन माहिती काहीच नसते, म्हणून त्याचं उत्तरही न वाचता दिलं जातं. मी दोन साध्या गोष्टी मागतो.

पहिली: गाळलेल्या नावाचा अर्थ कधीही 'सर्व' होऊ नये. ज्याला सर्व म्हणायचं असेल त्याने 'सर्व' असं लिहावं. याला पहाटे दोन वाजताही काही अडचण नाही. आपोआप चालणाऱ्या ओळीत तो शब्द एकदा लिहून ठेवला की झालं. वेळ वाया जात नाही, प्रश्न विचारला जात नाही. फक्त मौनाला हुकूम मानणं बंद होतं.

दुसरी: माणूस स्वतः दुरून आज्ञा देत असेल आणि ती मागे घेता येणार नसेल, तर साधनाने त्याच्याकडून ठिकाणाचं नाव वदवून घ्यावं. हे स्वप्नरंजन नाही. डेबियन लिनक्समध्ये मॉलीगार्ड नावाचं एक चिमुकलं साधन आहे. तुम्ही एसएसएचने आत गेला असाल आणि यंत्र बंद करण्याची किंवा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिलीत, तर ते तुम्हाला थांबवतं आणि सांगतं: ज्या यंत्राला बंद करताय त्याचं नाव लिहा. 'हो' म्हणून इथे सुटका नाही. नाव लिहायचं तर ते माहीत असावं लागतं. चुकीच्या खिडकीत असाल तर तुम्ही चुकीचं नाव लिहिता, आणि यंत्र बंद पडत नाही.

या नावामागची गोष्ट संगणकवाल्यांमध्ये सांगितली जाते. आयबीएमच्या एका मोठ्या संगणकाला बंद करण्याचं लाल बटण होतं. एका प्रोग्रॅमरची मॉली नावाची छोटी मुलगी तिथे आली आणि तिने एका दिवसात दोनदा ते दाबलं. मग त्या बटणावर पारदर्शक झाकण बसवलं, आणि अशा झाकणालाच मॉलीगार्ड म्हणू लागले. मला या गोष्टीत आवडतं ते हे, की मॉलीला कुणी दोष दिला नाही. लहान मुलं बटणं दाबणारच. झाकण नव्हतं, ही रचनेची चूक मानली गेली.

गिटलॅबनेही नंतरच्या उपायांच्या यादीत हेच घेतलं की प्रत्येक यंत्राची आज्ञेची ओळ अशी दिसावी, की आपण कुठे आहोत ते स्पष्ट कळावं. ॲमेझॉनने आपलं साधन असं बदललं की सर्व्हर सावकाश निघतील आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली जाऊ देणार नाही. दोघांनीही माणसाला नुसती तंबी देऊन विषय संपवला नाही. समीक्षा साधनाची केली.

माझ्या बाबतीत मात्र मी बराच काळ स्वतःलाच दोष देऊन मोकळा झालो होतो. 'माझं चुकलं' म्हणणं सोपं असतं. त्यात थोडा मोठेपणाही मिळतो. नाव मी गाळलं, हे खरंच आहे. पण एवढ्यावर थांबलो तर त्या साधनापुढे उद्या बसणाऱ्या दुसऱ्या निमंत्रकाला माझा काही उपयोग नाही. त्याला मी एवढंच सांगू शकतो. एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाच. क्रिया काय, कुणावर, कुठल्या यंत्रावर, तिन्हींची नावं तुझ्या तोंडून आली पाहिजेत. प्रिंटरची रांग पुसण्याआधी ती एकदा 'एलपीस्टॅट'ने बघ. तिथे प्रत्येक कामापुढे ते पाठवणाऱ्याचं नाव असतं. त्या दिवशी मी बघितलं असतं तर कार्यालयाची अकरा कामं मला दिसली असती. त्या मुलीचं नाव तिथे दिसलं नसतं, कारण यंत्राला कारकुनाचं नाव माहीत होतं, तिचं नव्हतं. पण अकरा हा आकडा पाहून मी खाली कार्यालयात फोन तरी केला असता.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.